भाता पाठीवर की कमरेला? एका अर्धवट वादाविषयी

धनुर्धारी उजवा हात खांद्यामागे नेतो, पाठीवरच्या भात्यातून बाण उपसतो आणि क्षणार्धात प्रत्यंचेला लावतो. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हापासून हे दृश्य घराघरांत पाठ झालेले आहे. त्याआधी ते दिनदर्शिकांवरच्या चित्रांत होतेच. अलीकडे मात्र इतिहासाची गोडी लागलेल्या तरुणांमध्ये एक ठाम प्रतिवाद रुजला आहे. पाठीवरचा भाता ही हॉलिवूडची थाप, खरे तिरंदाज भाता नेहमी कमरेलाच बांधत, असे आता हिरिरीने सांगितले जाते.

ही दुसरी समजूत पहिलीहून शहाणी वाटते. पण आहे तितकीच अर्धवट. किंबहुना ती अधिक अडचणीची आहे, कारण दुसऱ्याचा भ्रम दूर केल्याचे समाधान एकदा पदरात पडले की माणूस पुढचा प्रश्न विचारतच नाही. आणि भात्याच्या बाबतीत पुढचा प्रश्नच महत्त्वाचा आहे: कोणाचा भाता, कुठल्या रानातला आणि कशासाठी बाळगलेला?

प्रारंभ थेट ऋग्वेदापासून करता येतो. सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त हे शस्त्रास्त्रांचे स्तवन आहे. कवच, धनुष्य, प्रत्यंचा, सारथी, लगाम, बाण अशा एकेका वस्तूला ऋषी संबोधतो आणि त्यात भात्यालाही स्वतंत्र ऋचा मिळते. ऋषीच्या नजरेला भाता लेकुरवाळ्या बापासारखा दिसतो. त्याच्या अंगाखांद्यावर असंख्य मुले आहेत. तो रणात उतरताच खुळखुळाट करतो, आणि तो पाठीवर बांधलेला आहे. पाठीचा उल्लेख तेथे निःसंदिग्ध आहे. हॉलिवूडचा जन्म होण्याच्या सुमारे तीन हजार वर्षे आधीचा हा पुरावा असल्यामुळे ‘पाठीवरचा भाता ही सिनेमाची कल्पना’ हे सरसकट विधान तेथेच कोसळते.

पण त्या ऋचेतील खरी मौल्यवान नोंद पाठीची नाही, आवाजाची आहे. चालताना, धावताना, रथ उसळताना भात्यातील बाण एकमेकांवर आपटतात आणि खुळखुळतात. युद्धात या आवाजाला वीरश्रीची झळाळी येते, ऋषीला तो काव्याचा विषय वाटतो. शिकाऱ्याला मात्र तोच आवाज उपाशी ठेवतो. हरणाचे कान वळले, की दिवसभराची पायपीट फुकट गेली. योद्ध्याचा भाता आणि शिकाऱ्याचा भाता या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पाठ की कमर या वादात नेमका हाच भेद हरवून जातो.

संस्कृतात भात्याला शब्दांची वाण नाही. अमरकोशात तूण, तूणीर, निषंग, उपासंग, इषुधी अशी मालिकाच दिलेली आहे. इषुधी म्हणजे बाण धारण करणारे पात्र. निषंग म्हणजे अंगाला लगटून राहिलेले. फार्सीतून तरकश आला. मराठीने मात्र स्वतःचा शब्द निवडला: भाता. लोहाराचा तो भाता आणि धनुर्धराचाही तो भाताच. दोन्हींच्या मुळाशी संस्कृत ‘भस्त्रा’, म्हणजे कातड्याची पिशवी आहे. शब्दाने आकार वा जागा नव्हे, तर साहित्य लक्षात ठेवले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता हॉलिवूडकडे. १९३८ सालच्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटाने हिरव्या पोशाखातील, पाठीवर भाता मिरवणाऱ्या नायकाची प्रतिमा जगभर पोहोचवली. प्रत्यक्ष मध्ययुगीन इंग्लंडमधील धनुर्धर असा दिसत नसे, ही टीका योग्यच आहे. तेथे बाण बहुधा पट्ट्यात खोचले जात किंवा कमरेच्या पिशवीत ठेवले जात. १५४५ साली बुडालेले आणि १९८२ साली समुद्रतळातून वर काढलेले ‘मेरी रोझ’ हे जहाज याचा भक्कम साक्षीदार आहे. त्यात बाणांसोबत चामड्याच्या गोल चकत्या मिळाल्या आणि प्रत्येक चकतीला २४ भोके होती. एका जुडीत २४ बाण. चकतीमुळे ते एकमेकांपासून अलग राहत आणि पिसे चुरगळत नसत. हा सैन्याचा हिशेब आहे. बाण मोजून मिळत आणि मोजून संपत.

गंमत अशी, की त्याच चित्रपटात पडद्याआडून बाण मारणारे हॉवर्ड हिल हे अमेरिकेतील विसाव्या शतकातील नामांकित धनुर्धारी शिकारी होते आणि स्वतः शिकारीला जाताना ते पाठीवरचाच भाता वापरत. म्हणजे ज्या प्रतिमेला आज खोटी ठरवले जाते, तिच्या निर्मितीत एका खऱ्या शिकाऱ्याचा हात होता. हिल यांच्या पद्धतीचा भाता ताठ नळकांड्यासारखा नसे. तो मऊ चामड्याचा, रुंद आणि पाठीवर चपटा बसणारा असे. वाकले की चामडे बाणांभोवती आवळले जाई, त्यामुळे बाण गळत नसत आणि फारसे खुळखुळतही नसत. तळाशी लोकर घालण्याची रीत पात्यांचा आवाज मारण्यासाठीच होती. नाटकी दिसणाऱ्या वस्तूमागेही हिशेब असतो तो असा.

तरीही पाठीवरच्या भात्याचे दोष लपत नाहीत. खांद्यावरून वर डोकावणारी पिसे दाट झाडीत फांद्यांना अडकतात. बाण काढताना हात डोक्यापलीकडे जातो आणि तेवढी हालचाल सावध जनावराला पुरेशी असते. कमरेच्या भात्यात बाण दिसतो आणि हाताशी असतो. पण सरपटत पुढे सरकायचे असेल तर तो पायात येतो, काट्याकुट्यांत गुंततो. घोडेस्वाराला ही अडचण नाही. सिथियन लोक तर धनुष्य आणि बाण एकाच खोळीत घालून ती डाव्या कमरेला लटकवत. तुर्क-मंगोल परंपरेतही कमरेचाच भाता प्रतिष्ठा पावला आणि मुघल लघुचित्रांत तो सर्वत्र दिसतो. घोड्याने भात्याची जागा ठरवली. कमरेचा भाता ‘खरा’ आणि पाठीवरचा ‘खोटा’ असे म्हणणे म्हणजे घोडेस्वाराचा नियम पायी चालणाऱ्याला लावणे होय.

पावसानेही भाता घडवला आहे. जपानमधील ‘उत्सुबो’ हा भाता पूर्ण बंद असे आणि अनेकदा तो लव असलेल्या कातड्याने मढवलेला असे. भिजलेले पीस बाणाला सरळ ठेवू शकत नाही. मग धनुष्य कितीही उत्तम असो, नेम हुकणारच. कोकणातल्या आषाढात उघड्या भात्याचे काय होईल, याची कल्पना करायला जपानला जाण्याचीही गरज नाही.

विषाने घडवलेला भाता त्याहून लक्षणीय आहे. दक्षिण आफ्रिकेच्या कालाहारी प्रदेशातील सान शिकारी एका भुंग्याच्या अळ्यांपासून काढलेले विष बाणाला लावतात. ते टोकाला न लावता टोकामागच्या भागावर लावले जाते, म्हणजे चुकून ओरखडा उठला तरी जीव जाऊ नये. असे बाण उघड्यावर बाळगणे हा आत्मघात ठरेल. म्हणून त्यांचा भाता म्हणजे झाडाच्या मुळाच्या सालीचे घट्ट, टोपण असलेले नळकांडे. त्याच प्रदेशाच्या पश्चिमेला एक झाड आहे, ज्याच्या पोकळ केलेल्या फांद्या भात्यासाठी वापरल्या जात. १६८५ साली तेथे गेलेल्या डच गव्हर्नर सिमॉन व्हान डेर स्टेल यांनी ही गोष्ट नोंदवली आणि त्या झाडाला ‘कोकरबूम’, म्हणजे भात्याचे झाड, हे नाव चिकटले. झाडाने भाता दिला आणि भात्याने झाडाला नाव दिले.

आणि जेथे भाताच नाही तेथे काय? अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील अनेक जमातींचे बाण माणसाच्या उंचीएवढे, क्वचित त्याहूनही लांब असतात. असे बाण कुठल्याही भात्यात मावत नाहीत. ते धनुष्यासोबत हातातच धरले जातात. पापुआ न्यू गिनीतही हाच प्रकार आहे. सातपुड्यातील भिल्लांच्या जुन्या छायाचित्रांत तीरकामठा हातात आणि मुठीत मोजकेच बाण, असे दृश्य वारंवार दिसते. भाता नसणे हे मागासपणाचे लक्षण मानण्याची खोड जुन्या गोऱ्या प्रवाशांना होती. ती आजच्या वाचकाने पुढे चालवण्याचे कारण नाही.

येथे संख्येचा मुद्दा येतो आणि भात्याच्या निवडीत तोच निर्णायक आहे. सैनिकाला बाण पुरत नाहीत. महाभारतात अर्जुनाला गांडीवाबरोबर दोन अक्षय भाते मिळतात. बाण संपण्याची भीती किती खोल असेल, तर माणसाने न संपणाऱ्या भात्याचे स्वप्न पाहिले! त्याच महाकाव्याच्या वनपर्वात मात्र हे अक्षय भातेही रिकामे होतात, आणि ते कोणापुढे? एका किराताच्या, म्हणजे रानातल्या शिकाऱ्याच्या वेशातील शंकरापुढे. कथेचा धार्मिक अर्थ काहीही असो, योद्ध्याच्या अगणित बाणांसमोर शिकारी उभा करण्यात व्यासपरंपरेची तीक्ष्ण जाण दिसते. शिकाऱ्याला एक बाण लागतो. तो चुकला तर दुसऱ्याची संधी बहुतेक वेळा मिळत नाही, कारण सावज निघून गेलेले असते. चार-सहा बाणांपलीकडचे ओझे म्हणजे युद्धाची आठवण रानात वाहून नेणे.

याच हिशेबाचा एक अस्सल पुरावा आल्प्सच्या बर्फात सापडला. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, हिमनदीत गोठलेला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा एक माणूस मिळाला. जग त्याला ‘ओत्झी’ म्हणून ओळखते. त्याच्या कातडी भात्यात १४ बाणांच्या काड्या होत्या, पण त्यांतील वापरण्याजोगे बाण अवघे दोन. उरलेल्या बारा काड्या अजून घडवायच्या होत्या. शिवाय आत दोरीचा गुंडा, जनावराच्या स्नायूंचे तंतू आणि शिंगाचा तुकडा होता. भात्याच्या कडेला आधार म्हणून हेझेलची काठी बसवलेली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून ते कातडे रो जातीच्या हरणाचे असल्याचे कळले. थोडक्यात, ओत्झीचा भाता ही चालतीबोलती कार्यशाळा होती. आज दुकानांतून ‘पारंपरिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भात्यांत दोरीच्या गुंड्याला जागा नसते, हे सहज जाताजाता.

‘पारंपरिक’ या शब्दाकडेही एकदा डोळे उघडून पाहायला हवे. अमेरिकेत ज्याला पारंपरिक धनुर्शिकार म्हणतात, तो शब्दप्रयोग प्राचीन नाही. १९६९ साली हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांना चाके लावलेल्या ‘कंपाउंड’ धनुष्याचे पेटंट मिळाले आणि ती यंत्रवत धनुष्ये बाजारात पसरली. त्यानंतर त्यांच्या तुलनेत साध्या लाकडी धनुष्यांना ‘पारंपरिक’ हे बिरुद मिळाले. या परंपरेचे आद्यपुरुष म्हणून सॅक्स्टन पोप आणि आर्थर यंग यांची नावे घेतली जातात. १९६१ साली स्थापन झालेला ‘पोप अँड यंग क्लब’ त्यांच्याच नावाने चालतो. पण पोप यांना धनुर्शिकारीची ओढ लावली ती इशी यांनी, आणि क्लबच्या नावात ते नाहीत.

इशी हे त्यांचे खरे नावही नव्हते. कॅलिफोर्नियातील याही लोकांत स्वतःचे नाव परक्याला सांगण्याची रीत नव्हती. त्यांच्या भाषेत ‘इशी’ म्हणजे फक्त ‘माणूस’. सोन्याच्या शोधात आलेल्या गोऱ्यांच्या टोळ्यांनी १८६०च्या दशकात याहींची कत्तल केली. उरलेले मोजके लोक मिल क्रीक आणि डिअर क्रीक या ओढ्यांच्या दऱ्यांत सुमारे चाळीस वर्षे लपून राहिले. १९०८ साली जमीन मोजणाऱ्यांचे एक पथक त्यांच्या शेवटच्या वस्तीवर पोहोचले आणि त्यांनी टोपल्या, कातडी, धनुष्यबाण असे हाताला लागेल ते सामान ‘स्मरणचिन्ह’ म्हणून उचलून नेले. हिवाळा तोंडावर असताना एका लपलेल्या कुटुंबाचे हत्यार आणि पांघरूण नेणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. २९ ऑगस्ट १९११ रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यापाशी इशी एकटे, भुकेने खंगलेले आढळले. तेथून त्यांना सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात नेण्यात आले. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक असलेले पोप तेथेच १९१२ साली त्यांचे शिष्य झाले.

पोप यांनी १९१८ साली याही धनुर्विद्येवर प्रबंध प्रसिद्ध केला आणि १९२३ साली शिकारीवरचे पुस्तक. त्यांच्या नोंदींतून इशी यांच्या साधनांचे चित्र स्पष्ट उभे राहते. धनुष्य आखूड, पाठीला स्नायूंचे तंतू चिकटवलेले. बाणाला ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेचे पाते. आणि भाता पाणमांजराच्या अख्ख्या कातड्याचा, केसांची बाजू बाहेर.

या भात्याइतके नेमके उत्तर क्वचितच सापडेल. पाणमांजराची दाट लव पाणी आत शिरू देत नाही, म्हणजे पिसे कोरडी राहतात. केस बाहेर असल्यामुळे झुडपांतून जाताना फांद्यांचा घासल्याचा आवाज होत नाही. अरुंद कातडे बाणांना आवळून धरते, म्हणजे खुळखुळाट नाही. आणि आखूड धनुष्यही त्याच कातड्यात मावते, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहून दरीचा कडा चढता-उतरता येतो. चाळीस वर्षे ज्यांना हरणाच्या कानांइतकाच माणसाच्या कानांचाही धाक होता, त्यांच्यासाठी निःशब्द भाता ही केवळ शिकारीची सोय नव्हती. ऋग्वेदातील खुळखुळणाऱ्या भात्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला हा भाता उभा आहे.

त्याचे पुढे काय झाले? पोप यांनी इशी यांच्याकडून संयम, दबा धरणे आणि जनावराच्या जवळ जाण्याची कला घेतली. साधने मात्र त्यांनी यू लाकडाच्या लांब इंग्रजी धनुष्याच्या वळणाची पसंत केली. लांब धनुष्य भात्यात मावण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या पिढीने हिल यांचा पाठीवरचा भाता उचलला, १९४०च्या दशकात फ्रेड बेअर यांनी धनुष्यालाच जोडता येणारा छोटा भाता प्रचारात आणला, आणि ‘परंपरा’ रॉबिन हूडच्या छायेत वाढली. जिच्यापासून सारे सुरू झाले त्या कातडी खोळीला या परंपरेत जवळपास जागा उरली नाही. पोप यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी निदान सर्व बारकाईने लिहून ठेवले. दोष असेल तर तो नंतरच्यांचा, ज्यांनी मान दिला तो शिष्याला आणि गुरूला केवळ एका हळव्या प्रस्तावनेत बसवले.

मग आज एखाद्याने भाता निवडावा कसा? भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी असल्यामुळे येथे हा प्रश्न नेमबाजीच्या मैदानापुरता आणि इतिहासाच्या अभ्यासापुरता आहे. जेथे धनुर्शिकार कायदेशीर आहे तेथे मात्र तो अगदी व्यावहारिक आहे. मोकळ्या माळावर, लक्ष्यावर बाणांमागून बाण सोडायचे असतील तर पाठीवरचा मऊ चामडी भाता उत्तम. घोड्यावर कमरेचा. दाट रानात, पायी, एका बाणाच्या भरवशावर जायचे असेल तर बगलेखाली आडवा राहणारा, लव असलेला आणि चार-सहा बाणांहून अधिक न मावणारा भाता सर्वांत शहाणपणाचा. धनुष्याला जोडलेला भाता सोयीचा खरा, पण तो धनुष्याचे वजन आणि तोल बदलतो. त्यात धारदार पाती हाताजवळ येतात, म्हणून त्यांवर टोपण असलेच पाहिजे. उघड्या पात्यांचा भाता पाठीवर असो वा कमरेला, त्यावर आपटून पडणाऱ्याला जखम चुकत नाही. शोभेसाठी भाता निवडणाऱ्याने निदान एवढे तरी पाहावे.

संग्रहालयांतही भात्याकडे याच दृष्टीने पाहिले तर तो बोलू लागतो. केसांची बाजू आत की बाहेर, तोंड उघडे की टोपणाचे, तळाशी काही घातले आहे का, किती बाण मावतील, सोबत धनुष्यही मावेल का. पट्टा कुठे बांधला होता, हा प्रश्न या सर्वांनंतरचा.

इशी यांचे २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने निधन झाले. मित्रांनी शवपेटीत त्यांचे एक धनुष्य, एकोर्नच्या पिठाची टोपली, शंखमण्यांचे चलन, तंबाखू आणि ऑब्सिडियनचे काही तुकडे ठेवले. दहनापूर्वी शवविच्छेदन करून त्यांचा मेंदू काढून ठेवण्यात आला आणि पुढे तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. त्यांच्या लोकांच्या वंशजांना तो परत मिळायला २००० साल उजाडावे लागले. शवपेटीत धनुष्यासोबत ठेवलेले बाण पाच होते.